रंगभवनच्या आठवणी आणि आमच्या जागत्या रात्री

गेल्या काही वर्षांत मुंबईच्या जुन्या रॉक संगीताच्या आठवणी लिहिण्याची लाटच आली आहे. धोबीतलावचे रंगभवन, १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सव, 'रॉक मशीन' हे नाव सोडून 'इंडस क्रीड' झालेला बँड, 'पेंटाग्राम', 'झिरो', जुहूचे 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस', काळे टी-शर्ट, वाढवलेले केस, एकमेकांकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटी. आता चाळिशी-पन्नाशीत पोहोचलेली मंडळी हे सगळे हळवे होऊन लिहितात. शेवट बहुतेक ठरलेला असतो : ते शहर आता राहिले नाही, ती तरुणाई राहिली नाही.

आमचे या आठवणींशी भांडण नाही. तरुणपणी ज्या गाण्याने कान उघडले ते गाणे माणूस मरेपर्यंत विसरत नाही. आमच्या वसई-विरारचीही मुले त्या गर्दीत होती. चर्चच्या गायनवृंदात गिटार हातात घेतलेली वसईची पोरे चर्चगेट गाठायची आणि शेवटच्या विरार लोकलने परतायची. त्यांच्या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या लिहिल्या जाव्यात.

आमचा वाद एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'पर्यायी'. या लेखांत रंगभवनच्या संगीताला 'शहराचे पर्यायी संगीत' म्हटले जाते आणि त्या दोन-चार हजार मुलांच्या जगाला 'शहराची तरुण उपसंस्कृती'. शहराची म्हणजे कोणाची? पर्यायी म्हणजे कशाला पर्याय? हे प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही विचारतो.

पर्यायी संगीताच्या ज्या खुणा हीच मंडळी सांगतात, त्या एकेक करून तपासू. रेडिओ आणि सिनेमा ज्याला जागा देत नाहीत ते संगीत. ज्याचे गायक-वादक दिवसा पोटापाण्याचे काम करतात आणि रात्री गातात ते संगीत. ज्याचे स्वतःचे ठिकाण, स्वतःचा रंग, स्वतःची भाषा आणि स्वतःचे नायक आहेत ते संगीत. जे हाताहाती फिरणाऱ्या कॅसेटींवर जगते ते संगीत. ज्याचा आवाज ऐकून सभ्य वस्तीतले लोक खिडक्या लावून घेतात ते संगीत. या पाचही कसोट्यांवर मुंबईत आणि तिच्या उपनगरांत एक संगीत अनेक दशके उतरत आले आहे. त्याचे नाव भीमगीत. त्याचा रंग निळा. आणि त्याचा श्रोता रंगभवनच्या श्रोत्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा.

मग 'पर्यायी संगीता'च्या एकाही आठवणीत ते का सापडत नाही?

ज्यांनी ती रात्र पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. चौदा एप्रिलला जयंती सुरू होते, पण एका दिवसात संपत नाही. एकाच रात्री सगळीकडे गाणारे गायक कुठून आणायचे? म्हणून एक वस्ती चौदाला, दुसरी वीसला, तिसरी महाराष्ट्र दिनाला, चौथी बुद्धपौर्णिमेला आणि उरलेल्या मेअखेरपर्यंत. नालासोपारा-विरारच्या चाळींत आमचे लहानपण या तारखांवर मोजले गेले. संध्याकाळी बाकडी जोडून स्टेज. वर निळे कापड, मागे बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. आधी त्रिशरण-पंचशील, मग पाहुण्यांचे सत्कार, मग भाषणे. या भाषणांत आम्ही पोरे झोपून जायचो. साडेदहा-अकराला ढोलकी कडाडली की जागे व्हायचो.

सर्वांत रंगायचा तो दुरंगी सामना. दोन गायन पार्ट्या समोरासमोर. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो आणि मागे कोरस. एका पार्टीने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच उत्तर द्यायचे. प्रश्न बुद्धचरित्रातला, महाडच्या सत्याग्रहातला, पुणे करारातला. उत्तर चुकले तर पुढच्या रांगेतली म्हातारीसुद्धा मोठ्याने सांगायची. मध्येच माइकवरून घोषणा : अमक्याकडून एक्कावन्न रुपये, तमक्याच्या आईच्या स्मरणार्थ एकवीस रुपये. गाणी लिहिणारे कोण? गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेच्या सफाई खात्यात काम करणारे. पाकिटाच्या मागे, बिडीच्या कागदावर लिहिलेली गाणी नंतर वहीत उतरायची आणि ती वही उस्तादाकडून शिष्याकडे जायची. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आमच्या आज्यांना १९२७, १९३२ आणि १९५६ या सनावळ्या पाठ होत्या, त्या या सामन्यांमुळे. ज्या गाण्यावर माणूस नाचतो, रडतो आणि शिकतो, त्या गाण्याला आणखी कोणते प्रमाणपत्र हवे?

या परंपरेला मुळे आहेत. सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३० च्या दशकात तो गावोगाव आणि मुंबईच्या कामगार चाळींत नेला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत येऊन मजुरी करता करता अक्षरे शिकले आणि पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली. जॅझच्या आठवणीही याच शहरात काढल्या जातात, म्हणून तिथला एक योगायोग नोंदवतो. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्यात घोषणा केली होती की मी हिंदू म्हणून मरणार नाही. एकीकडे गुलामांच्या वंशजांनी घडवलेल्या संगीतावर उच्चभ्रू मुंबई पाय थिरकवत होती. दुसरीकडे याच देशातल्या जातिव्यवस्थेच्या गुलामांचे वंशज परळ-नायगावच्या चाळींत ढोलकीवर स्वतःचे संगीत घडवत होते. पहिल्यावर ग्रंथ निघाले, आणि निघायलाच हवे होते. दुसऱ्याचे वादक कोण होते हे त्यांच्या नातवंडांनाही धड सांगता येत नाही.

आमच्यापैकी काहींनी समाजशास्त्रात एम.ए. केले. तिथे उपसंस्कृती हा विषय डिक हेब्डिजच्या १९७९ च्या पुस्तकावरून शिकवला जातो. हेब्डिजचे म्हणणे थोडक्यात असे : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश तरुणाईचे कपडे, केस आणि गाणी समजून घ्यायची तर गोऱ्यांचे काळ्यांशी असलेले नाते आधी समजून घ्या. पंकची सेफ्टी पिन असो की मॉडचा सूट, मागे वंशाचा प्रश्न उभा असतो. आता हेच सूत्र मुंबईला लावून बघा. वंशाच्या जागी जात ठेवा. कोणाच्या घरी इलेक्ट्रिक गिटार येऊ शकत होती, कोणाला इंग्रजी गाण्याचे शब्द कळत होते, कोण वडिलांशी भांडून केस वाढवू शकत होता, या सगळ्याची उत्तरे जातीपाशी येऊन थांबतात. बंड करायलाही मागे घर लागते. आमच्या पोरांचे घरच्यांशी भांडण नव्हतेच. आई, बाप, आजी आणि पोर एकाच स्टेजसमोर बसलेली असायची, कारण त्यांचे बंड घराबाहेरच्या व्यवस्थेशी होते. म्हणूनच कदाचित अभ्यासकांना ती 'तरुण उपसंस्कृती' वाटली नाही. आपल्याकडे मात्र हे नाते फार आधी ओळखले गेले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले ते उगाच नव्हे.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला : संगीताला जात नसते, तुम्ही तिथेही जात आणता. संगीताला जात नसेलही, पण मंचाला असते, वर्तमानपत्राच्या पुरवणीला असते, पुरस्कार समितीला असते. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचली. त्याच आवाजातली भीमगीते मात्र आपल्या वस्तीबाहेर किती घरांत वाजली? आवाज तोच, गळा तोच. बदलले फक्त गाण्यातले दैवत. दुसरा आक्षेप : भीमगीत हा प्रचार आहे, कला नव्हे. बॉब मार्ली प्रचार करत नव्हता काय? व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गाणाऱ्यांना तुम्ही डोक्यावर घेता, मग जातीविरुद्ध गाणारा प्रचारक कसा ठरतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रंगभवन का बंद झाले? शेजारी रुग्णालये, महाविद्यालय, न्यायालय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, शंभर मीटरच्या परिसरात शांतता क्षेत्र आले आणि त्या उघड्या नाट्यगृहातले मोठे कार्यक्रम थांबले. त्यावर किती लिहिले गेले! ते पुन्हा सुरू करा अशी मागणी अजूनही अधूनमधून होते. पण त्याच नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे पाळायला सांगितले. त्याचा सर्वांत मोठा घाव कोणावर बसला? ज्या कलेला रात्रच लागते तिच्यावर. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. अनेक जिल्ह्यांच्या यादीत त्यातला एक दिवस आंबेडकर जयंतीचा असतो. पण आमची जयंती एका रात्रीची नव्हतीच, ती दीड महिन्याची होती. दुरंगी सामना मध्यरात्रीनंतर तापायचा. सात ते दहा या वेळात सत्कार आणि भाषणेच संपत नाहीत, तिथे सामना कुठला? त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. दीड वर्षाच्या आत एका परंपरेचे दोन खांब आणि तिची रात्र, तिन्ही गेली. रंगभवनवर मृत्युलेख निघाले. आमच्या रात्रींवर कोणी लिहिला?

गैरसमज नको. आम्ही नियमाच्या विरोधात नाही. आमच्याही चाळीत आजारी माणसे आहेत, तान्ही बाळे आहेत, परीक्षेची पोरे आहेत. संविधान मानणाऱ्याने कायदा मानायचाच असतो. पण कायदा सर्वांना सारखा लागतो का, हे वस्तीतल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. परवानगीचा कागद घेऊन चौकीच्या किती फेऱ्या माराव्या लागतात आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना गाडी कोणाच्या मंडपासमोर येऊन उभी राहते, ते तो सांगेल.

आणि ज्या गाण्याला आम्ही पर्यायी म्हणतो त्याची किंमतही बघा. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. त्यांचीच कहाणी घेऊन आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली आला. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर अटक झाली. त्याच मंचाच्या आणखी तिघांना २०२० साली तुरुंगात जावे लागले. २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, एवढ्यावरून सुरू झालेल्या वादात एका दलित तरुणाला मारून टाकले गेले. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाचा खून झाला. त्याच्या घरच्यांची तक्रार होती की गावात भीमजयंती साजरी केल्याचा तो राग होता. मेटॅलिकाचा टी-शर्ट घातला म्हणून या राज्यात कोणाचा मुडदा पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ज्या संगीताला प्रस्थापित व्यवस्था इतकी भिते, ते जर पर्यायी नसेल तर हा शब्द शब्दकोशातून काढून टाका.

आता आपल्या गावाकडे येऊ. वसई-विरार हे मुंबईने बाहेर ढकललेल्या माणसांचे शहर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, चाळी विकल्या गेल्या, झोपड्या उठल्या आणि कमी पैशांत खोली मिळते म्हणून माणसे नालासोपारा-विरारला आली. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून २००९ साली महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर होती. या माणसांच्या सामानात गाण्यांच्या वह्या आल्या, ढोलक्या आल्या, कॅसेटी आल्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना प्रत्येक पिशवीत एखादे पुस्तक, एखादी तसबीर आणि एक कॅसेट असायचीच. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीचे मेमरी कार्ड झाले. स्टेशनाबाहेरच्या मोबाइल दुकानात वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचे. त्याच कार्डावर आनंद शिंदे आणि लिंकिन पार्क शेजारी-शेजारी असायचे. आमच्या पिढीची उपसंस्कृती ती. आम्ही दोन्ही ऐकत होतो. दोन्हीवर नाचत होतो. रंगभवनवाल्यांच्या कार्डावर मात्र आमचे गाणे नव्हते.

आणि या भूमीत पर्यायी आवाज फक्त आमचाच आहे असेही नाही. पालघर हा तारप्याचा जिल्हा. २०१९ मध्ये 'स्वदेसी' या मुंबईच्या हिप-हॉप गटाने आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. १९४५ चा वारल्यांचा उठाव ज्या मातीत झाला ती डहाणू-तलासरीची माती आज याच जिल्ह्यात आहे. त्याच २०१९ मध्ये 'गली बॉय' आला आणि धारावीच्या गल्लीला टाळ्या मिळाल्या. त्या गल्लीत गरिबी दिसली, धर्म दिसला, पण गल्लीला गल्ली बनवणारी जात कुठे बोलली? तिकडे चेन्नईत २०१८ पासून 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' नावातच जातीला हात घालून गाते आहे. आमच्या शहरातली पोरेही मोबाइलवर बीट लावून मराठीत रॅप लिहीत आहेत. त्यांच्याकडे स्टुडिओ नाही, मंच नाही आणि आपल्याच माणसांची शाबासकीही फारशी नाही.

इथे आपल्या ज्येष्ठांशीही थोडे बोलायला हवे. आपल्याकडेही एक हळवेपणा वाढतो आहे. पूर्वीचे शाहीर खरे, आताचे डीजेवर नाचणारे पोरगे वाया गेलेले. काका, डीजेचा त्रास आम्हालाही होतो. छातीत धडधडते, म्हाताऱ्यांचे हाल होतात, वर्गणीचे पैसे भिंतीएवढ्या स्पीकरात जातात. पण डीजे आकाशातून पडला नाही. रात्र काढून घेतल्यावर हाती उरली दोन तासांची मिरवणूक. आधी बेंजो पार्टी होती, मग डीजे आला. ज्या पोराला आठ तासांचा सामना कधी ऐकायलाच मिळाला नाही, त्याला तुम्ही सामन्याची गोडी नाही म्हणून झोडपता. शिवाय तुमच्या त्या सोन्याच्या काळात स्टेजवरच्या बाईकडे कसे पाहिले जायचे, तेही आठवा. सुषमादेवी, वैशाली शिंदे यांनी गळा पणाला लावला, पण उस्तादांच्या याद्यांत बायांची नावे शेवटी येतात, नाहीतर येतच नाहीत. आज एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात यूट्यूबवरून घरोघरी पोहोचल्या. त्यांना मोठे केले ते मोबाइल हातात असलेल्या याच पोरांनी.

म्हणून आम्हाला नुसत्या आठवणी नकोत. रंगभवनवाल्यांकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे : त्यांनी जपून ठेवले. तिकिटे, पोस्टर, फोटो, ध्वनिमुद्रणे, कोण कधी वाजवत होते त्याच्या नोंदी. म्हणून २०२२ साली त्यांचा महोत्सव पुन्हा भरला तेव्हा जुन्या नावांना नवे श्रोते मिळाले. आपल्या कॅसेटी पोटमाळ्यावर बुरशीने खाल्ल्या जात आहेत. वह्या रद्दीत जात आहेत. ढोलकीवाला गेला की त्याचे नावही जाते.

वसई-विरारमधल्या प्रत्येक विहाराला आमची साधी विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. ज्याच्या घरी जुनी कॅसेट, वही, जयंतीची पत्रिका, सामन्याचे हँडबिल असेल त्याने ते घेऊन यावे. पोरांनी मोबाइलवर फोटो काढावेत, कॅसेट संगणकात उतरवावी, आणि गायकाबरोबर गीतकार, ढोलकीवाला, कोरस, गाव, साल असे सगळे लिहून ठेवावे. गायक हयात असेल तर त्याची परवानगी घ्यावी आणि त्याच्या नावाशिवाय गाणे कुठेही टाकू नये. त्याच संध्याकाळी शेवटचा अर्धा तास रॅप लिहिणाऱ्या पोरापोरींना द्यावा. समोर म्हातारे शाहीर बसलेले असावेत. प्रश्न त्यांनी टाकावा, उत्तर पोरांनी द्यावे. दुरंगी सामना दहाच्या आतही होऊ शकतो, फक्त भाषणे कमी करा.

आणि महापालिकेकडे एक मागणी. ज्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकलला, ज्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला, त्या शहरात कष्टकऱ्यांच्या कलेसाठी आवाज बाहेर न जाणारे, परवडणाऱ्या भाड्याचे एक सभागृह हवे. तिथे रात्रभर सामना चालावा, तारपा वाजावा, सामवेदी लग्नगीते व्हावीत आणि वसईच्या पोरांचा रॉक बँडही वाजावा. आम्ही कोणाला बाहेर ठेवणार नाही. बाहेर ठेवले जाणे काय असते ते आम्हाला ठाऊक आहे.

अशोकाने आपले म्हणणे दगडावर कोरून ठेवले, म्हणून ते आज वाचता येते. आपल्याकडे दगड नाही, निदान पोटमाळ्यावरची ती पिशवी या रविवारी खाली काढा.

जय भीम!